चतुर्थीची खरेदी आणि रानातले जीव

प्रश्न : कुडाळ तालुक्यात आमची गणपतीची चित्रशाळा आहे. श्रावणात रंग, ब्रश आणि चतुर्थीचा किराणा अशी मोठी खरेदी होते. ती जरा पारखून केल्याने जंगलाचे आणि वन्यजीवांचे खरोखर रक्षण होते का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : होते, आणि आपण ज्या ब्रशाने मूर्तीचे डोळे आखता, त्याच्यापासूनच सुरुवात करावी. बारीक रेघेसाठी नावाजलेले कित्येक ब्रश मुंगसाच्या केसांचे असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाच्या शिकारीला आणि केसांच्या व्यापाराला बंदी असूनही ते चोरून विकले जातात आणि त्या केसांसाठी मुंगसे मारली जातात. ब्रश उजेडात धरून पाहावा. केसांची टोके गडद, मधला पट्टा फिकट पिवळसर आणि बुडाशी पुन्हा तपकिरी रंग दिसला, तर तो घेऊ नये. नायलॉनच्या ब्रशावर हात बसायला कदाचित एखादा हंगाम जाईल, पण तेवढी कळ सोसण्याजोगी आहे, असे मला मनापासून वाटते.

पूजासाहित्यात ‘हातजोडी’ नावाचे मूळ कोणी दाखवले, तर सावध राहावे. त्या नावाने बहुधा घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय विकले जाते.

किराण्यात पाकिटांवरील घटकांची यादी वाचावी. फरसाण, बिस्किटे यांत पाम तेल किंवा पामोलिन असते, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. तिथे बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवर पामच्या लागवडीसाठी ओरांगउटान या मोठ्या वानरांची जंगले मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. तरीही सरसकट बहिष्कार मी सुचवणार नाही, कारण एका हेक्टरमागे इतके तेल दुसरे कोणतेही पीक देत नाही आणि सगळी मागणी दुसऱ्या तेलांकडे वळली तर जमीन जास्तच लागेल. शाश्वत पाम तेलासाठी २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘आरएसपीओ’ या संस्थेचे चिन्ह मिळाल्यास ते पाकीट निवडावे, मात्र तळणाच्या विकतच्या वस्तू मुळातच कमी आणून नेवऱ्या (करंज्या) घरी, घाण्याच्या खोबरेलात तळणे अधिक चांगले. ते महाग पडते हे खरे, म्हणून ज्याला जितके झेपेल तितके करावे.

माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगून रानफुला-फळांनी सजवायच्या लाकडी चौकटीसाठी, बाजारातून कळलावीची फुले घेताना वेल कंदासकट उपटून आणलेली नाही ना, हे विक्रेत्या बाईंना अवश्य विचारावे. कंद जमिनीत राहिला तर पुढच्या पावसात त्याच जागी वेल पुन्हा फुटते.