लीड्सच्या वॉर्डात येण्याआधी हातांचं इंग्रजी शिकून घे

तू विचारलंयस की ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, क्लिअर झाली, सप्टेंबरात मिरजेहून इंग्लंडात लीड्सला स्टाफ नर्स म्हणून जॉइन होतेय, आता इंग्रजीचं अजून काय करू. अगं, ग्रामरचं काही करू नकोस, स्पीकिंग-लिसनिंगला बी ग्रेड आलाय म्हणजे तेवढं येतंच तुला. माझी पहिल्या वर्षी दांडी उडाली ती 'हँड'मुळे, इथे कुणाच्या ना कुणाच्या बोलण्यात हात येतोच.

काही सोपे आहेत, 'हँड टू माउथ' म्हणजे आपलं हातावर पोट, 'रेड हँडेड' म्हणजे रंगेहाथ, ऐकलं की कळतं. 'गिव्ह मी अ हँड' म्हणजे जरा हात लाव, पण इकडे लीड्सच्या भागात, यॉर्कशायरात, ते 'गिव्ह अस अ हँड', म्हणजे 'आम्हाला', असं म्हणतात आणि माणूस तर एकटाच उभा असतो, मी आपली बाकीचे कुठायत म्हणून मागे बघायचे!

घात करतात ते मराठीसारखे दिसणारे. एक डॉक्टर म्हणाला 'आय वॉश माय हँड्स ऑफ इट', मला वाटलं आता हा हात धुऊन मागे लागणार, तर तो हात झटकत होता, माझा आता संबंध नाही म्हणून. बायबलात पिलाताने येशूच्या वेळी लोकांसमोर हात धुतले ना, तेच. आणि आपला माणूस हात चोळत बसतो तो पस्तावून, इथला हात चोळतो तो खुशीत, फायदा दिसतोय म्हणून.

हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, 'बेड सिक्स इज अ बिट ऑफ अ हँडफुल' म्हणाले तर मूठभर जिवाचे आजोबा डोळ्यांसमोर आणू नकोस, मी आणले होते, त्या आजोबांनी रात्रीत दोनदा कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत लावलेली नळी, उपटला. हँडफुल म्हणजे आवरता न येणारा. कॅन्युला लावण्यात कुणाचा हातखंडा असेल तर ती 'डॅब हँड'.

अप्रेझलला, म्हणजे कामाचा आढावा घेतात तेव्हा, मॅनेजर म्हणाली 'यू आर अ सेफ पेअर ऑफ हँड्स'. मी लगेच, हो हो, मी दरवेळी हातांना जंतुनाशक जेल लावते! ती हसतच सुटली. म्हणजे काम बिनघोर सोपवावं अशी बाई, क्रिकेटमध्ये कॅच न सोडणाऱ्या फिल्डरलाही असंच म्हणतात.

रजेचं नीट ऐक. 'माय हँड्स आर टाइड' म्हणजे नाही, विषय संपला, तिथे गयावया करून उपयोग नाही. पहिल्या दिवाळीला मला हेच ऐकवलं. म्हणून पुढच्या वर्षी मी फेब्रुवारीतच रजेची आगाऊ सूचना द्यायला गेले आणि म्हटलं 'आय वॉन्ट टू हँड इन माय नोटिस'. वॉर्डच्या प्रमुख सिस्टरचा चेहराच पडला, दार लावून घेतलं, चहा मागवला, काय झालं, कुणी त्रास दिला का. अगं, त्याचा अर्थ राजीनामा! खुलासा झाल्यावर तिने आधी ड्यूटीचं रोस्टर उघडून माझे दिवाळीचे पाच दिवस टाकले.