वाचकांचे प्रश्न : छोट्या डिझेल गाडीचं रिमॅपिंग करावं का?

प्रश्न : माझी २०१८ ची स्विफ्ट डिझेल आहे, १ लाख १० हजार किलोमीटर झाले आहेत. चोर्ला घाटातून बेळगावला नेहमी जाणं होतं. चौघं बसले आणि एसी चालू असला की वळण संपल्यावर गाडी ओढत नाही. २००० आरपीएमच्या खाली तर दमच नसतो. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून घेतलं, तर फरक पडेल असं एक जण सांगतो. करून घ्यावं का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आमचं मत आधीच सांगतो : आत्ता नको. तुमच्या गाडीला जिथे त्रास होतो तिथे रिमॅपचा उपयोग सगळ्यात कमी आहे.

थोडा हिशेब करू. चौघं आणि सामान धरून गाडीचं वजन सुमारे १३०० किलो होईल. १०० मीटरला ८ मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जायला चाकांपाशी साधारण १८ पीएस (अश्वशक्ती) लागतात. गिअरबॉक्समधली घट आणि एसीचा भार मिळवला की इंजिनाकडून २२ ते २४ पीएस हवेत. पीएस काढायचं सूत्र सोपं आहे : टॉर्क (इंजिनाचा पिळाचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये) गुणिले आरपीएम, भागिले ७०२३. तुमच्या १२४८ सीसी इंजिनाचा कंपनीने दिलेला टॉर्क २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर आहे, म्हणजे तिथे ५४ पीएस मिळतात. पण वळणावर चौथ्या गिअरमध्येच राहून आरपीएम १४०० वर उतरला आणि टॉर्क ११० च्या आसपास आला, तर हातात जेमतेम २२ पीएस उरतात. गाडी मरते ती इथे. वळणाच्या आधीच तिसरा किंवा दुसरा टाकून आरपीएमचा काटा २००० च्या वर ठेवला, तर तेच इंजिन त्याच चढावर दुपटीहून जास्त ताकद देतं.

रिमॅपमध्ये ईसीयूमधले (इंजिनाच्या संगणकातले) तक्ते बदलतात : दर स्ट्रोकला किती डिझेल, रेलमध्ये (नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) किती दाब, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब किती, धुराची मर्यादा कुठे, टॉर्कची मर्यादा कुठे. निरोगी टर्बो डिझेलमध्ये यातून २० ते २५ टक्के वाढ मिळू शकते. पण ७५ पीएसच्या या इंजिनावरचा टर्बो साधा, न बदलणाऱ्या पात्यांचा आहे. ९० पीएसच्या इंजिनावर असतो तसा व्हेरिएबल नाही. १५०० आरपीएमला एग्झॉस्टचा जोर कमी असतो, त्यामुळे टर्बो पुरेशी हवा भरूच शकत नाही. हवा नसताना डिझेल वाढवलं तर ते पूर्ण जळत नाही, काळा धूर होतो आणि एग्झॉस्टचं तापमान चढतं. म्हणजे वाढ खरी दिसेल ती २००० च्या वर, आणि तिथे तुमची तक्रारच नाही.

उलट १ लाख १० हजारांवर कंपनीचे मूळचे १९० तरी मिळतात का, हे तपासायला हवं. तुमच्या भागात खाणपट्ट्यातली लाल धूळ असते, तेव्हा एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या मुदतीच्या आधीच भरतो. तो काढून उजेडासमोर धरा. डिझेल फिल्टर कधी बदलला ते पाहा आणि तळाचं पाणी काढून घ्या. पावसाळ्यानंतर हे विसरू नये. मग टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा भाग) आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) हे होज पाइप पाहा. जोडापाशी तेलाचा ओलसर डाग असेल तर तिथून हवा गळते. चीर बारीक असते, गाडी उभी असताना बंद राहते आणि दाब आला की उघडते. म्हणून नुसतं बघून भागत नाही : पाइपाचं तोंड बंद करून अर्धा बार हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एग्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्ड काजळीने भरले असतील तर उतरवून साफ करावे लागतील.

त्यानंतर स्कॅनर लावून तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ३५०० पर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून रेकॉर्डिंग घ्यायला सांगा. त्यात दोन जोड्या महत्त्वाच्या : टर्बोचा मागितलेला आणि मिळालेला दाब, रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब. टर्बोच्या दाबात १५० मिलिबारहून जास्त फरक टिकून राहत असेल तर गळती, अडकलेली वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) किंवा थकलेला टर्बो. रेलचा दाब मागे पडत असेल तर फिल्टर, पंप किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग). नोझलसाठी रिटर्नची (नोझलमधून परत जाणाऱ्या डिझेलची) चाचणी होते : चारही नोझलच्या रिटर्नला नळ्या जोडून पाच मिनिटं आयडलवर चालवायचं आणि नळ्यांत जमलेलं डिझेल ताडून पाहायचं. एकात इतरांच्या दुप्पट जमलं तर ते नोझल झिजलेलं आहे. त्यावर रिमॅप करणं म्हणजे पिस्टन जाळायची तयारी.

शेवटी क्लच. मोकळ्या, सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये १८०० च्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा चढला आणि वेग तेवढा वाढला नाही तर क्लच प्लेट घसरते आहे. आज १९० न्यूटन-मीटर न पेलणारी प्लेट २३० कुठून पेलणार? इतकं करून बहुतेक गाड्यांचा घाटातला त्रास निम्मा होतो. रिमॅपचा विचार त्यानंतर करा, आणि त्याआधी खालचं कायद्याचं उत्तर जरूर वाचा.

प्रश्न : रिमॅपपेक्षा ऑनलाइन मिळणारा ट्युनिंग बॉक्स बरा, हवा तेव्हा काढता येतो, असं मित्र म्हणतो. दोन्ही एकच का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. स्वस्त बॉक्स बहुधा रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीयूला खोटं कळवतो. ईसीयू बिचारं दाब वाढवतं आणि जास्त डिझेल जातं. टर्बोची हवा, धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा, यांतलं काहीच त्या प्रमाणात बदलत नाही. शिवाय रेलमध्ये खरा दाब किती आहे हे ईसीयूला कधीच कळत नाही, त्यामुळे धोक्याच्या वेळी आवरतं घ्यायची त्याची सोय निकामी होते. पंप आणि नोझल दोन्ही मर्यादेपलीकडे चालतात. शिवाय आपल्या खारट, दमट हवेत या बॉक्सचे कनेक्टर हिरवे पडतात आणि गाडी भलत्याच वेळी लिंप मोडमध्ये (ताकद आपोआप कमी करून रखडत चालण्याच्या स्थितीत) जाते. आम्ही हा बॉक्स कोणालाच सुचवणार नाही.

प्रश्न : माझी २०२१ ची बीएस-६ डिझेल हॅचबॅक आहे. घर ताळगावला, ऑफिस पणजीत. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा वारंवार लागतो. रिमॅप करताना डीपीएफ काढून टाकला तर कटकट संपेल, असं गॅरेजवाला म्हणतो. ऐकावं का?
— एक वाचक, ताळगाव

उत्तर : ऐकू नका. दिवा लागायचं कारण तुमचा रोजचा चार-पाच किलोमीटरचा प्रवास आहे. फिल्टरमधली काजळी जाळायला तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यासाठी ईसीयू उशिराने जास्तीचं डिझेल फवारतं. ही क्रिया, म्हणजे रिजनरेशन, पुरी व्हायच्या आधी तुम्ही इंजिन बंद केलं की काजळी तशीच राहते आणि न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर समजा हेच चाललं आहे. ते तेल पातळ झालेलं असतं, लगेच बदला, टर्बोची बेअरिंगं त्यावरच चालतात.

उपाय साधा आहे : आठवड्यातून एकदा झुआरी पुलावरून मडगावच्या दिशेने गाडी काढा आणि २० ते २५ मिनिटं एक गिअर खाली ठेवून २००० ते २५०० आरपीएमवर सलग चालवा. दिवा लुकलुकू लागला किंवा इंजिनाची ताकद कमी झाली तर मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरने रिजनरेशन करून घ्या. तेल डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच हवं. साधं तेल घातलं तर त्याची राख फिल्टरमध्ये साठते, आणि राख कितीही तापवली तरी जळत नाही.

डीपीएफ काढणं हा सरळ गुन्हा आहे, आणि तो धूर तुमच्या मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जातो. फिल्टर ठेवून फक्त ताकद वाढवणंही तुमच्यासाठी चुकीचं, कारण डिझेल वाढलं की काजळी वाढते आणि दिवा आणखी लवकर लागेल.

प्रश्न : रिमॅप बाहेरून दिसत नाही. मग आरटीओ, पीयूसी, विमा यांचा प्रश्न येतोच कुठे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी आणि निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीच्या अर्जात अश्वशक्तीचा रकाना असतो, हे लक्षात घ्या.

पीयूसीमध्ये डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात. बीएस-४ साठी धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे. धुराची मर्यादा सैल केलेली गाडी तिथे अडकू शकते. विम्याचं तर अधिक गंभीर. बदल कळवला नसेल तर मोठ्या अपघातानंतर कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते, आणि तेव्हा गाठ केवळ तुमच्या गाडीच्या नुकसानीशी नसते. वॉरंटी चालू असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तक्रारी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. मूळ फाइल परत टाकली तरी अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याची नोंद राहते.

प्रश्न : जुनी डिझेल गाडी घ्यायची आहे. आधीच्या मालकाने रिमॅप केलं होतं का, हे कसं ओळखावं?
— एक वाचक, वास्को

उत्तर : कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूचा सॉफ्टवेअर क्रमांक वाचून घ्या आणि त्या मॉडेलच्या क्रमांकाशी ताडा. क्रमांक जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका, बरेच ट्यूनर तो तसाच ठेवतात. चेकसम (सॉफ्टवेअरमध्ये फेरफार झाला का हे दाखवणारा पडताळणीचा आकडा) जुळतो का, हेही विचारा. बोनेटखाली रेल सेन्सरच्या वायरीला कापल्याच्या किंवा टेप गुंडाळल्याच्या खुणा असतील तर तिथे कधीतरी बॉक्स होता. ईसीयूच्या झाकणाच्या कडेला नवं सीलंट दिसलं तर ते उघडलं गेलं आहे. चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये जोरात दाबा आणि मागे बसलेल्याला धूर पाहायला सांगा. क्षणभर हलका धूर चालेल, दाट काळा लोट नाही. पाचव्या गिअरमधली वर सांगितलेली क्लचची चाचणीही करा. खात्री पटली नाही तर ईसीयूमध्ये मूळ फाइल परत बसवून देण्याची अट व्यवहारातच घाला, आणि नवा क्लच सेट किमतीतून वजा करून मागा.