जुनी जीटीआय की नवी व्हर्टस, आणि मधल्यामधे उडालेली झोप

लग्न, नोकरी, पोरांचा अभ्यास यासाठी लोक समुपदेशनाला येतात हे आता आपल्याकडं बेळगावातसुद्धा पटायला लागलंय, पण गाडी कुठली घ्यायची म्हणून कोण येतं काय असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. येतात हो. सरळ तसं सांगत नाहीत एवढंच. झोप लागत नाही म्हणतात, चिडचिड होते म्हणतात, घरात बोलणं बंद झालंय म्हणतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत हळूच फोन बाहेर निघतो आणि त्यात एका गाडीचे पन्नास फोटो. खाली प्रश्न एकच असतो, मग ती गाडी असो नाहीतर प्लॉट: मी घेतलं आणि नंतर पस्तावलो तर? अशीच एक केस लिहिते, त्या घरच्यांना विचारून, नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलून.

त्याला आपण समीर म्हणूया. तिशी ओलांडलेली, उद्यमबागेत वडिलांनी उभं केलेलं मशीन शॉप, सीएनसीवर हायड्रॉलिकचे पार्ट काढतात, घर अनगोळला. बायको शाळेत शिकवते, तिनंच ओढून आणला होता. म्हणाली, "मॅडम, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाड्याच बघत बसतात, सकाळी शॉपवर जाऊन कामगारांवर खेकसतात, आणि निर्णय तर घेतच नाहीत." तो मान खाली घालून बसलेला. मी विचारलं कुठल्या गाड्या, आणि मग जो सुरू झाला तो थांबेचना, मला गाड्यांतलं काडीचं कळत नव्हतं, पुढचं जे लिहिलंय ते बरंचसं त्यानंच मला शिकवलेलं आहे.

तर एका बाजूला फोक्सवॅगनची पोलो जीटीआय. आपल्या रस्त्यावर दिसणारी, पुण्याजवळ चाकणला बनलेली पोलो नव्हे, ही २०१६ च्या शेवटी स्पेनमधून तयार होऊन आलेली, तीन दारांची, म्हणजे बाजूला दोनच आणि एक डिकीचं. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, ताकद १९२ पीएस. पहिल्या खेपेला भारतासाठी फक्त ९९ गाड्या, किंमत दिल्लीत एक्स-शोरूम २५ लाख ६५ हजार, आणि तेवढ्याला त्या साइजची गाडी कोण घेणार, म्हणून पुढच्या वर्षी कंपनीला किंमत २० लाखांच्या आत आणावी लागली. त्यातली एक पुण्यात विकायला होती, एमएच पासिंग, मालक पंधराच्या आसपास मागत होता. दुसऱ्या बाजूला त्याच कंपनीची नवी व्हर्टस जीटी, १.५ टर्बो, १५० पीएस, चार दारं, ५२१ लिटरची डिकी, धडकेच्या चाचणीत ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार, कर्नाटकात ऑनरोड तेव्हा बावीस-तेवीस लाखाच्या घरात, म्हणजे बारा लाखाचं लोन.

बाबांचं मत ठरलेलं. "दोन दारांची जुनी गाडी घेऊन काय करणार गा? खुळा हैस काय?" बायकोचं मत, काय घ्यायचं ते घ्या पण एकदाचं घ्या. आणि समीरनं एक्सेल शीट केलेली, त्यात पिकअपपासून टायरच्या किमतीपर्यंत सगळे कॉलम, प्रत्येकाला मार्क, आणि जीटीआय हरायला लागली की हा मार्कांचं वजनच बदलायचा, मग व्हर्टस हरायची, मग अपराधी वाटून परत बदलायचा. एवढी हुशारीची माणसं अशी अडकतात ना की बघून वाईट वाटतं. शीट वाईट नसते, पण जेव्हा उत्तर आधी ठरवून गणित मागनं जुळवलं जातं तेव्हा ती शीट कितीही लांब केली तरी झोप येणार नाही.

मी शीट बाजूला ठेवायला लावली आणि विचारलं, जीटीआय डोळ्यासमोर आणतोस तेव्हा काय दिसतं? क्षणात उत्तर. रविवारची पहाट, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, रस्ता मोकळा, खिडकी खाली, एकटाच. आणि व्हर्टस म्हटल्यावर? "काँग्रेस रोडचं ट्रॅफिक, मागं आई, शेजारी बाबा, एसी जास्त झालाय म्हणून भांडण." आता बघा, एकीचा रविवार आणि दुसरीचा मंगळवार याची तुलना चाललेली, त्यात मंगळवार कसा जिंकणार? हे फक्त गाडीत होत नाही, परगावचं स्थळ आणि गावातलं स्थळ यातही लोक नेमकं हेच करतात, पण तो विषय मोठा आहे.

म्हणून त्याला घरी करायला एक काम दिलं. दोन्ही गाड्यांचा वाईट महिना लिहून आण. अपघात वगैरे टोकाचं नको, होण्यासारखा साधा वाईट महिना.

पुढच्या वेळी चार पानं लिहून आला पठ्ठ्या. जीटीआयचा महिना जुलैचा धरलेला. पाऊस, गाडी वंटमुरी घाटात गिअर टाकेना. तिच्यात सात गिअरचा ड्राय क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे, त्याला चालवणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या बिघाडाची ख्याती गाडीवाल्यांना माहीत आहेच, खर्च लाखाच्या पुढं. टोइंग करून गाडी कोल्हापूरला, पार्ट येईपर्यंत तिथंच उभी. इंजिनचं त्याला टेन्शन नव्हतं, त्याच जातीचं १.८ स्कोडाच्या ऑक्टाव्हियात आपल्याकडं विकलं गेलंय, पार्ट आणि मिस्त्री दोन्ही मिळतात. पण दार, दाराची काच, बंपर हे चाकणच्या पाच दारी पोलोचं चालत नाही, दारच मुळात लांब आहे. खडेबाजारात कुणी रिक्षा घासून गेला तर? आणि इन्शुरन्स, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या पार्टवर ४० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरला ५०, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. वर पुण्याच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत, आणायची, बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यायचा, कर्नाटकाचा लाइफ टॅक्स भरायचा, जो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो पण मोजला जातो मूळ किमतीवरनं. (एमएच प्लेट तशीच ठेवली तर काय, हा आपल्या भागात फार नाजूक विषय आहे, मी त्यात पडत नाही, कायदा मात्र बारा महिन्यांचा आहे.)

व्हर्टसचा वाईट महिना लिहायला त्याला जास्त वेळ लागला म्हणे. कारण बिघाडच सुचेना. शेवटी लिहिलं ते असं: मोठ्या पार्टीनं पेमेंट तीन महिने लटकवलंय, पगार द्यायचेत, आणि पाच तारखेला हप्ता. बारा लाख, ९ टक्के, पाच वर्षं, महिना २४,९०० च्या आसपास, एकूण व्याजच तीन लाखाला जवळ. म्हणजे नवी गाडी घेतली म्हणून काळजी संपत नाही, ती मिस्त्रीकडनं बँकेकडं जाते फक्त. हे त्यानं स्वतः लिहिलेलं होतं आणि मला ते फार आवडलं, कारण तोवर बाबांच्या बोलण्यात नवी म्हणजे बिनघोर असंच चाललेलं.

आता यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग. समीरनं कुठंतरी वाचलेलं की माणसाला शेवटी केलेल्या गोष्टीपेक्षा न केलेल्या गोष्टीचा पस्तावा जास्त होतो, आणि तेच तो घरात प्रत्येक वादात वापरत होता, "म्हातारपणी म्हणू नये की घ्यायची होती." हे संशोधन खरं आहे, गिलोविच आणि मेडवेक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ च्या आसपास ते मांडलं, पण त्यात दोन बाजू आहेत, थोड्या काळात केलेली गोष्ट जास्त बोचते आणि लांबच्या काळात न केलेली. मी त्याला म्हटलं मान्य, पण तुझी न केलेली गोष्ट नेमकी कुठली? गाडीच का?

बराच वेळ गप्प बसला. मग सांगितलं की इंजिनिअरिंग झाल्यावर चाकणला एका गाडीच्या कंपनीत लागलेला, टेस्टिंगला जायला मिळणार होतं, आणि आठच महिन्यांत बाबांची बायपास झाली, शॉप बघायला कोण नव्हतं, हा परत आला. "कोणी बोलावलं नव्हतं मॅडम, मीच आलो, पण मग परत जा असंही कोण म्हणालं नाही." बायको शेजारी बसलेली, तिला हे एवढं माहीत नव्हतं.

आता इथं समुपदेशकाला मोह होतो, बघा सापडलं मूळ, गाडी म्हणजे राहून गेलेलं आयुष्य वगैरे. मी तसं बोलत नाही. दुःख खरं असलं म्हणून डीएसजीचा खर्च कमी होत नाही, आणि दुःख सापडलं म्हणून गाडीची आवड खोटी ठरत नाही. पण एवढं झालं की पंधरा लाखाच्या गाडीवर जे ओझं टाकलेलं होतं, तिनं सगळं भरून काढायचं, ते जरा खाली उतरलं. बाबांशी त्या विषयावर बोलायचं का हे वेगळं ठेवलं, त्याला पुढं दोन बैठका गेल्या, ते इथं लिहीत नाही.

मग म्हटलं आता जाऊन दोन्ही गाड्या बघून या, फोटोत बघून कुणाचं लग्न ठरत नाही. पुण्याला आईपण बरोबर गेल्या, बहिणीकडं कोथरूडला जायचंच होतं. समीरनं पुढची सीट पुढं ढकलली, आईंनी एक पाय आत टाकला, गुडघा दुखरा, दुसरा पाय उचलायला कशाला धरावं कळेना, दाराच्या बाजूचा सीटबेल्ट आडवा आला त्यात पदर अडकला, आणि त्या अर्ध्या आत अर्ध्या बाहेर अशा वाकून उभ्या राहिल्या. गाडीचा मालक बिचारा "सावकाश, सावकाश" करतोय. आत बसल्यावर आई म्हणाल्या, "बरी आहे रे, पण मला आता परत काढणार कोण?" सून हसून हसून बेजार. मला हे सांगताना समीरपण हसला, पहिल्यांदाच.

पण निर्णय आईच्या गुडघ्यावर झाला नाही, झाला तो भलत्याच गोष्टीवर. जीटीआय चालवताना पिकअपनं पाठ सीटला चिकटली, मजा आली, आणि तरी कायतरी कमी वाटलं, काय ते कळेना. परत येताना लक्षात आलं की गिअर. भारतात ती गाडी ऑटोमॅटिकच आली. त्याच्या चोर्ल्याच्या रविवारात मात्र डावा हात गिअरवर होता, कॉलेजच्या वेळी मित्राची साधी मॅन्युअल पोलो चालवायचा त्याची ती आठवण. वर्षभर एक्सेलमध्ये शंभर कॉलम आणि नेमका हा कॉलम नव्हता! आणि ज्याला तो शहाणपणाची कंटाळवाणी गाडी म्हणत होता त्या व्हर्टसच्या १.५ मध्ये सहा गिअरचं मॅन्युअल मिळतं, ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त. टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर, तर दोन्हींना सारखाच निघाला, २५० एनएम.

घेतली मॅन्युअल व्हर्टस. लोन बारावरनं दहावर आणलं, हप्त्याच्या तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवले, वाईट महिन्यासाठी.

मला आता कोणी विचारलं की मॅडम म्हणजे नवीच घ्यावी ना, तर नाही. निपाणीकडचं एक डॉक्टर जोडपं, त्यांनी जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली, मी विरोधात एक शब्द बोलले नाही, कारण घरात रोजची दुसरी गाडी होती, दुरुस्तीचे पैसे वेगळ्या खात्यात होते, घ्यायच्या आधी गाडी स्कॅनरला लावून सगळी सर्व्हिस हिस्टरी बघितली होती, आणि ती महिनाभर गॅरेजला राहिली तरी घरात कोण कुणाला टोमणा मारणार नव्हतं. हे शेवटचं लोक विचारातच घेत नाहीत. समीरच्या घरी बाबांनी प्रत्येक बिलाला "सांगितलं होतं की" म्हटलं असतं, आणि त्या वाक्याचा खर्च कुठल्या शीटमध्ये धरायचा?

पस्तावा होतोय का विचारलं तर म्हणतो होतो अधनंमधनं, यूट्यूबला जीटीआयचा आवाज ऐकला की. होऊ दे की. थोडा पस्तावा कुठल्याही बाजूला होणारच होता, दोन चांगल्या गोष्टींतनं एक सोडली की होतो, त्यावर उपचार लागत नाही. झोप नीट आहे, कामगारांवर खेकसणं कमी आहे, बायकोचा मेसेज आलेला.

बाबांचं आता नवीन सुरू झालंय, एवढी महाग गाडी घेतली आणि क्लच का दाबत बसायचा, ऑटोमॅटिक घ्यायला काय झालं होतं म्हणून.