पोटात बाळ, गळ्यात मेडल

प्रश्न : ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, सायकलिंग करते, तिच्या ग्रुपमध्ये कोणीतरी सांगितलं की वेल्सची एक बाई पोटात बाळ असताना ऑलिंपिकमध्ये सायकल चालवून मेडल घेऊन आली. घरात आजी म्हणते काहीतरीच सांगतात पोरी. खरं आहे का? आणि नंतर तिचं करिअर संपलं असेल ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आजींना सांगा की खरं आहे. एलिनॉर बार्कर तिचं नाव, कार्डिफची, जन्म 1994 चा. टोकियोचं ऑलिंपिक कोविडमुळे 2021 मध्ये झालं तेव्हा शर्यत अगदी तोंडावर आली असताना तिने प्रेग्नन्सी टेस्ट केली आणि ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे दिवस अगदीच सुरुवातीचे होते, पोट वगैरे दिसायचा प्रश्नच नव्हता. ती टीम परस्यूटची, म्हणजे ट्रॅकवर चौघींनी रांगेत मिळून वेळ मारायच्या शर्यतीची, पात्रता फेरी ब्रिटनकडून खेळली (ऑलिंपिकला वेल्सच्या खेळाडू ब्रिटनच्याच टीममध्ये असतात), पुढच्या फेऱ्यांत तिच्या जागी दुसरी आली, फायनलला जर्मनीने ब्रिटनला हरवलं, टीमला सिल्व्हर मिळालं आणि ते हिलाही मिळालं. बातमी तिने घरी परतल्यावर सप्टेंबरमध्ये जाहीर केली आणि मार्च 2022 मध्ये मुलगा झाला.

पण मला विचाराल तर यातला खरा मुद्दा वेगळाच आहे, जो फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. तिला एंडोमेट्रिऑसिस होता, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर भलतीकडेच वाढतात, पाळीत जीव नकोसा होतो आणि कधीकधी मूल राहायलाही अडचण येते. ऑपरेशनही झालं होतं. हे सगळं ती उघडपणे बोलली आणि माझ्या लेखी ते मेडलइतकंच मोठं, कारण आपल्याकडे अजून "पाळीत दुखायचंच" म्हणून पोरींना गप्प बसवतात. तुमच्या मुलीला दर महिन्याला प्रॅक्टिस बुडवावी लागत असेल ना तर आधी चांगल्या डॉक्टरांकडे न्या, कोचशी नंतर बोला. आणि हो, गरोदरपणात शर्यत करायची की नाही हे पण डॉक्टरनेच ठरवायचं, एलिनॉरने केलं म्हणून कोणी करू नका.

आता करिअर संपलं का, तर ऐका. ती पोटुशी असतानाच उनो-एक्स नावाच्या नॉर्वेच्या रोड टीमने तिच्याशी करार केला. ऑगस्ट 2023 मध्ये ग्लासगोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मुलगा दीड वर्षाचासुद्धा झाला नव्हता तेव्हा तिने दोन गोल्ड घेतली, एक टीम परस्यूटचं, एक मॅडिसनचं, म्हणजे ट्रॅकवरच्या जोडीच्या शर्यतीचं. त्या परस्यूटच्या टीममध्ये तिची धाकटी बहीण मेगन पण होती, म्हणजे एकाच घरात दोन वर्ल्ड चॅम्पियन. मग पॅरिस 2024, तिथे मॅडिसनमध्ये सिल्व्हर आणि परस्यूटमध्ये ब्राँझ. त्या ब्राँझवाल्या चौघींपैकी तिघी वेल्सच्या होत्या, बार्कर, ॲना मॉरिस आणि जेस रॉबर्ट्स. वेल्सची लोकसंख्या जेमतेम एकतीस लाख, आपल्या पुण्याहूनही कमी. म्हणून सांगते, संपलं वगैरे काही नाही.

प्रश्न : ते मॅडिसन काय प्रकरण आहे? टीव्हीवर बघितलं, अर्ध्या बायका वर आरामात फिरतायत आणि मध्येच एकमेकींचा हात धरून फेकतायत. फाउल नाही का तो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फाउल नाही, तोच तर खेळ आहे! नाव पडलं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून. दोघींची जोडी असते, एक शर्यतीत आणि दुसरी तिरक्या ट्रॅकच्या वरच्या कडेने सावकाश फिरत दम घेत असते. मग शर्यतीतली मागून भन्नाट वेगाने येते, विश्रांतीवालीचा हात पकडते आणि अक्षरशः गोफणीसारखी पुढे भिरकावून देते, स्वतःचा वेग तिला देऊन टाकते आणि आपण हळू होते. हे सगळं अशा सायकलवर, जिला ब्रेक नाही आणि फ्रीव्हील नाही, पायडल सारखं फिरतच राहतं, आणि आजूबाजूला पंधरा-सोळा जोड्या हेच करतायत. एक हात हँडलवर, दुसरा जोडीदारणीच्या हातात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा गार झाला होता.

ऑलिंपिकला बायकांची मॅडिसन 30 किलोमीटरची, म्हणजे 250 मीटरच्या ट्रॅकचे 120 फेरे. दर दहा फेऱ्यांनी स्प्रिंट, पहिल्या चार जोड्यांना 5, 3, 2, 1 पॉइंट, शेवटच्या स्प्रिंटला डबल, आणि एखाद्या जोडीने मुख्य घोळक्याला अख्खा फेरा मागे टाकला तर एकदम 20. म्हणजे फेफडं फुटेपर्यंत पळायचं आणि डोक्यात हिशोबही चालू ठेवायचा. बार्कर अशा हिशोबाच्या शर्यतींची मास्टर, 2017 मध्ये हाँगकाँगला पॉइंट्स रेसची वर्ल्ड चॅम्पियन झाली, पुढच्या वर्षी गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थला त्याच रेसमध्ये वेल्ससाठी गोल्ड.

प्रश्न : मी दहावीत आहे, मला रोड आवडतं पण सर म्हणतात ट्रॅक कर. एकच काहीतरी निवडायला पाहिजे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : अगं, आत्ताच कशाला निवडतेस. बार्करचंच बघ, 2012 मध्ये ज्युनिअर वर्ल्ड टाइम ट्रायल जिंकली, ती रोडवरची शर्यत, एकटीने घड्याळाशी झुंजायचं. तोच दम पुढच्याच वर्षी ट्रॅकवर टीम परस्यूटमध्ये कामी आला, अठराव्या वर्षी सीनिअर वर्ल्ड चॅम्पियन, शाळा पण चालूच होती. तेव्हा परस्यूट तिघींचं होतं, तीन किलोमीटरचं, नंतर चौघींचं आणि चार किलोमीटरचं झालं, 2014 ला तेही जिंकली. रिओ 2016 ला तर चौघींनी 4 मिनिटं 10.236 सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड करून गोल्ड घेतलं. यात गंमत अशी की वेळ धरतात ती तिसरीची, म्हणून पुढची कितीही भारी असली तरी एकटीने पळून उपयोग नाही, आळीपाळीने वारा झेलायचा, आपला टर्न झाला की तिरक्या ट्रॅकच्या चढावर वर जायचं आणि खाली येऊन रांगेच्या शेवटी चिकटायचं, मधे फट पडू द्यायची नाही.

सरांना चिडवायला एक गोष्ट सांगून ठेवते. ही बाई सायकलकडे वळली कशी, तर दहा वर्षांची असताना पोहण्याचा क्लास चुकवायचा होता म्हणून! कार्डिफला मेंडीचा जुना उघडा ट्रॅक आहे, 1958 च्या कॉमनवेल्थ गेम्सला वापरलेला, तिथल्या मेंडी फ्लायर्स क्लबमध्ये ती जायला लागली, टूर द फ्रान्स जिंकलेला गेरेंट थॉमस पण तिथलाच. तू पोहायला जातेस का गं?