समुद्रतळाच्या गाळातल्या बॅक्टेरियाचं होल जीनोम सिक्वेन्सिंग करायला किती खर्च येतो? मुंबईतून कोणत्या कंपनीला द्यावं?

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. होल जीनोम सिक्वेन्सिंग म्हणजे जिवाचा संपूर्ण डीएनए, म्हणजेच जीनोम, अक्षर-अक्षर वाचणं; त्याच्या खर्चाचं खाली येईल. उत्तर लिहायला बसले ते तुम्ही प्रश्नाखाली जोडलेल्या एका ओळीमुळे: "आयसोलेट प्युअर आहे, सरांनी प्लेट बघितली आहे."

आयसोलेट म्हणजे गाळातून वेगळा काढून वाढवलेला बॅक्टेरिया, आणि तो प्युअर, म्हणजे एकाच जातीचा, आहे की नाही हे प्लेट बघून कळत नाही. सरांनी बघून तर मुळीच नाही.

मी काही वर्षं मुंबईतल्या एका संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट होते. संस्थेचं नाव जाऊ दे, तिथले आमचे सर अजून सेमिनारला भेटतात. विषय होता समुद्राच्या गाळातले ॲक्टिनोमायसीट (बुरशीसारखे तंतू वाढवणारे बॅक्टेरिया) आणि त्यांच्यातून मिळू शकणारी औषधं. सरांच्या डोक्यात त्यांच्यातलीच सॅलिनिस्पोरा बसली होती. बहामाजच्या समुद्रातल्या गाळातून मिळालेल्या सॅलिनिस्पोरा ट्रॉपिकाचा जीनोम २००७ साली प्रसिद्ध झाला. डीएनएची साधारण ५१.८ लाख अक्षरं, आणि त्यातला जवळजवळ दहावा हिस्सा निव्वळ अशी औषधी द्रव्यं बनवण्यासाठी. तिच्यापासून मिळालेलं सॅलिनोस्पोरामाइड-ए कॅन्सरच्या रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं. "आपल्या दारात अरबी समुद्र आहे आणि आपण काय करतोय?" हे सरांचं पालुपद. त्यात काही चूक नव्हतं.

गाळ आणायला मात्र मी जायचे. ससून डॉकवरून ट्रॉलर. तळ कुठे मऊ आणि कुठे खडक, हे तांडेलांना जाळी फाडून घेऊन पाठ झालेलं असतं, त्यामुळे जागा निवडताना मी त्यांचंच ऐकायचे. ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा पंजा) वर आला की वरचा पातळ थर खाकी, त्याखाली काळाकुट्ट चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास. खाली ऑक्सिजन पोचत नाही, तिथले बॅक्टेरिया सल्फेटवर भागवतात, हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि ते लोखंडाशी मिळून गाळ काळा करतं. त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यातसुद्धा, मला हमखास बसायला जागा मिळायची.

आता मुद्द्यावर येते. आम्ही गाळ वाळवायचो, थोडा वेळ ५५-६० अंशांवर तापवायचो आणि समुद्राच्या पाण्यात केलेल्या स्टार्च-केसीन आगरवर (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीवर) पसरायचो. बुरशी येऊ नये म्हणून सायक्लोहेक्सिमाइड, ग्राम-निगेटिव्ह मंडळी (बॅक्टेरियाच्या दोन मोठ्या गटांपैकी एक) येऊ नयेत म्हणून नालिडिक्सिक ॲसिड. मग २८ अंशांवर ठेवून वाट बघायची, आणि ती आठवड्यांची असते. अशाच एका प्लेटवर केशरी, चिवट, आगरात रुतलेली कॉलनी आली आणि हळूहळू मधून काळी पडायला लागली. मायक्रोमोनोस्पोरा (हीही ॲक्टिनोमायसीटच) असणार, हे बघूनच कळत होतं. सर दिवसातून दोनदा येऊन प्लेट उजेडात धरायचे.

मीही धरली होती, पण तिरकी. कॉलनीभोवती अगदी पातळ चकचकीत साय होती. सरांना दाखवली तर म्हणाले, "ओलावा आहे." पुढे १६एसचा (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात त्या जनुकाचा) सँगर ट्रेस, म्हणजे दर अक्षराला एक शिखर दाखवणारा आलेख, आला, त्यात बऱ्याच ठिकाणी एका शिखराखाली दुसरं छोटं शिखर. "शेवटी शेवटी ट्रेस असाच खराब होतो," सर म्हणाले. पण ही शिखरं शेवटी नव्हतीच, ऐन मध्यावर होती. मी विचारलं, डीएनए पाठवायच्या आधी एक ग्राम स्टेन (काचपट्टीवर पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करू का? त्यावर जे उत्तर मिळालं ते अजून कानात आहे: "सिक्वेन्सिंगच्या जमान्यात ग्राम स्टेन काय करतेस? बीएस्सीला आहेस का?"

डीएनए गेला. रिपोर्ट आला. जीनोमची लांबी सुमारे १ कोटी १० लाख अक्षरं! मायक्रोमोनोस्पोराचा जीनोम साधारण ७० लाखांच्या आसपास असतो. सर हरखले. 'असाधारण मोठा जीनोम' या शब्दांसकट ॲबस्ट्रॅक्ट तयार झाला, मीटिंगमध्ये स्लाइडही दाखवून झाली.

मी बायोइन्फर्मेटिक्सच्या मुलाला गाठलं. म्हटलं, मला फक्त एक आलेख काढून दे, प्रत्येक काँटिगचं (जोडून तयार झालेल्या डीएनएच्या तुकड्याचं) जी-सी प्रमाण, म्हणजे जी आणि सी या अक्षरांचा वाटा, आणि कव्हरेज, म्हणजे तो तुकडा किती वेळा वाचला गेला. आलेखावर ठिपक्यांचे दोन स्वच्छ पुंजके. एक ७२ टक्क्यांवर, दुसरा ४४च्या आसपास. एकाच जिवाच्या जीनोममध्ये इतकी फारकत नसते. मग चेकएम हे जीनोममधली भेसळ तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. जे जनुक प्रत्येक बॅक्टेरियात एकेकच असायला हवेत, ते जवळपास सगळे दोन-दोन. दोन बिऱ्हाडांची रेशनकार्डं एकत्र मोजून 'केवढं हे कुटुंब' म्हणण्यातला प्रकार. दुसरं बिऱ्हाड होतं बॅसिलसचं.

आणि ते तिथे राहायला येणारच होतं. गाळ तापवला की साध्या पेशी मरतात, पण बॅसिलसचे स्पोअर (टणक कवचातल्या सुप्त पेशी) ६० अंशांना भीक घालत नाहीत. नालिडिक्सिक ॲसिड ग्राम-निगेटिव्हना रोखतं, बॅसिलस ग्राम-पॉझिटिव्ह. म्हणजे आमच्याच पद्धतीने त्याचे सगळे स्पर्धक मारून त्याला मोकळं रान दिलं होतं. ती साय म्हणजे तोच.

सर काय म्हणाले असतील? "बघ, सिक्वेन्सिंग केलं म्हणूनच कळलं!" हा युक्तिवाद ते आजही करतात, भर सेमिनारमध्ये, माझ्याकडे बघत. म्हणून इथे जाहीर उत्तर देते. सर, ते काचपट्टीवर दहा मिनिटांत, दोन-चार रुपयांच्या रंगात कळलं असतं. फांद्या फुटलेल्या बारीक तंतूंमध्ये जाडजूड दांडे दिसले असते. त्यासाठी सीलबंद डबा, कुरियर, इनव्हॉइस आणि मंजुरीच्या सह्या लागत नाहीत. शंका आधीच आली होती आणि ती सांगितलीही होती. सांगणारी असिस्टंट होती, एवढंच.

तर तुम्ही काय करायचं. सुट्या कॉलनीवरून पुन्हा पुन्हा स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवा), दर वेळी ग्राम स्टेन. शिवाय साध्या न्यूट्रिएंट आगरवर एक रेघ ओढून रात्रभर ३७ अंशांवर ठेवा. मायक्रोमोनोस्पोरासारख्या संथ जिवाचं सकाळी तिथे काहीही दिसता कामा नये. काही दिसलं तर तो पाहुणा. १६एसच्या रिपोर्टमधल्या नावावर जाऊ नका, ट्रेस स्वतः उघडून बघा.

खर्च: दर सतत बदलतात, त्यामुळे मी आज आकडा लिहिला तरी तुमच्या कोटेशनशी जुळणार नाही. दोन-तीन ठिकाणांहून लेखी मागवा. जीएसटी आणि डीएनए काढण्याचे पैसे बहुतेक वेळा वेगळे लावतात, तेही विचारा. ७० लाखांच्या जीनोमला १०० पट कव्हरेज म्हणजे ७० कोटी अक्षरांचा डेटा. सिक्वेन्सिंगच्या मानाने हे फार नाही, तेव्हा जास्त डेटाच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका. कच्च्या फास्टक्यू फाइल (मशीनने वाचलेली मूळ अक्षरं) देणार की नुसता रंगीत पीडीएफ, हे आधीच ठरवून घ्या. पीडीएफवाल्यांच्या वाटेला जाऊ नका. औषधी द्रव्यांचे जनुक बघायचे असतील तर निव्वळ इल्युमिना मशीनच्या १५० अक्षरांच्या तुकड्यांवर विसंबू नका. ते जनुक लांबलचक आणि एकसारखे पुन्हा पुन्हा येणारे असतात, जोडणी मधेच तुटते, मग अँटीस्मॅश हे असे जनुक शोधणारं सॉफ्टवेअर एकाच क्लस्टरचे (जनुकांच्या गटाचे) तुकडे वेगवेगळे मोजतं आणि आकडा फुगतो. नॅनोपोरसारखे लांब रीड (सलग वाचलेले मोठे तुकडे) सोबत घ्या. आमच्या सरांच्या ॲबस्ट्रॅक्टमधला क्लस्टरचा आकडासुद्धा असाच फुगलेला होता, पण ते भांडण मी तेव्हा काढलं नाही.

हे सगळं प्लेटवर वाढलेल्या आयसोलेटबद्दल झालं. थेट गाळातून मेटाजीनोम (त्यातल्या सगळ्या जिवांचा डीएनए एकत्र वाचणं) करणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे ह्युमिक ॲसिड (कुजलेल्या जैव पदार्थांतून बनणारं) डीएनएबरोबर येतं आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, अडवतं. गाळातले बहुतेक जीव आपल्या प्लेटवर वाढतच नाहीत, त्यामुळे सिक्वेन्सिंगशिवाय ते कळणारही नाहीत. लोकीआर्किया (हे बॅक्टेरिया नव्हेत, आर्किया, म्हणजे सूक्ष्मजीवांचा वेगळाच गट) आधी २०१५ साली आर्क्टिक समुद्राच्या गाळातल्या डीएनएवरूनच ओळखले गेले. त्यांच्या नात्यातला एक जीव जपानी गटाने प्रत्यक्ष वाढवला आणि २०२०मध्ये जाहीर केला. गाळ २००६चा, मेहनत १२ वर्षांची. पेशी दुप्पट व्हायलाच १४ ते २५ दिवस. तुमच्या एमएस्सीच्या दोन सेमिस्टरमध्ये हे बसत नाही, हे मान्य.

आणि हेही खरं, की आमचे दोन जीनोम त्या मुलाने नंतर संगणकावर वेगळे केले, एका दुपारीत. जी-सीमध्ये एवढा फरक होता म्हणून जमलं. दोन जवळचे नातेवाईक मिसळले असते तर इतकं सोपं गेलं नसतं. बॅसिलस वगळल्यावर उरलेली मायक्रोमोनोस्पोरा ७० लाखांचीच निघाली, चारचौघींसारखी.

गाळ अजून आणलेला नसेल तर लक्षात ठेवा, जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, ट्रॉलर मिळणार नाही. आणून झाला असेल तर १६एसचा मूळ ट्रेस आणि ग्राम स्टेनचा फोटो मला मेसेजमध्ये पाठवा. कंपनीचा रिपोर्ट नको.