वाचक विचारतात : अमेरिकन फुटबॉलची ‘ऑफेन्सिव्ह लाइन’

प्रश्न : माझा मुलगा इथल्या हायस्कूल संघात लेफ्ट टॅकल खेळतो, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांच्या रांगेतला (‘ऑफेन्सिव्ह लाइन’मधला) डावीकडचा शेवटचा गडी. अंगापिंडाने थोराड आहे, तरी चपळ खेळाडू बाहेरून वळसा घालून क्वार्टरबॅकला गाठतो. वजन आणखी वाढवायला लावावं का? (एक पालक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : वजन राहू द्या, आधी पाय बघा. स्नॅप होताच, म्हणजे रांगेतल्या मधल्या गड्याने (सेंटरने) चेंडू मागे देताच, लेफ्ट टॅकलने उजव्या पायाने जमीन रेटायची, डावा पाय मागे आणि थोडा बाहेर टाकायचा, मग उजवा तेवढाच मागे ओढायचा. ही ‘किक-स्लाइड’. दोन पायांतलं अंतर शेवटपर्यंत तेच राहिलं पाहिजे. घाईत मुलं टाचा जुळवतात आणि नेमका तेव्हाच धक्का बसला की तोल गेलाच.

दुसरी चूक कमरेची. बाहेरून हरतोय असं वाटलं की मुलगा घाबरून कंबर बाहेरच्या बाजूला वळवतो. मग आतली बाजू उघडी पडते आणि समोरचा एका पावलात दिशा बदलून आत शिरतो. खांदे शक्य तितका वेळ डाव जिथून सुरू होतो त्या रेषेला समांतर ठेवायचे. लक्षात घ्या, धावत येणाऱ्याला जागीच थोपवायचं नसतं. क्वार्टरबॅक साधारण 7-8 यार्ड मागे असतो. समोरच्याला त्याच्याही मागून फिरून जायला लावलं की काम झालं. पासच्या वेळी चेंडू बहुतेकदा तीन सेकंदांच्या आत हातातून सुटलेला असतो.

आता हात. कोपर बरगड्यांना लागून, अंगठे वर, तळव्याचा फटका समोरच्याच्या छातीवरच्या पॅडवर. हात लवकर ताणले तर शरीर पुढे झुकतं, समोरचा मनगटावर थाप मारून हात खाली पाडतो आणि निघून जातो. उशीर केला तर तोच याच्या छातीत घुसतो. समोरच्याच्या छातीच्या रुंदीत धरलेली पकड पंच सहसा चालवून घेतात; खांद्याबाहेर जर्सी धरून ओढली की होल्डिंगचा फाउल, म्हणजे संघ 10 यार्ड मागे.

मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवर तीन-तीन किकचे दहा संच रोज करू द्या, समोर कुणी नको. मोबाइल मागच्या बाजूला घोट्याच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. टाचा कुठल्या पावलाला जुळतात ते लगेच दिसेल, आणि बहुधा ते तिसरं पाऊल असेल. दमला की मुलगा तिथेच सरळ उभा राहू लागतो. या वयात वजन जेवणातून आणि झोपेतून आपसूक वाढू द्यावं. मुद्दाम चढवलेली चरबी त्याची पावलं जड करेल.

प्रश्न : कुस्ती खेळलेला माणूस या जागेवर खेळू शकतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : खेळू शकतो, आणि अव्वल दर्जाचं खेळलेलाही आहे. स्टीफन नील 1999 साली अंकारात फ्रीस्टाइल कुस्तीचा 130 किलो गटातला विश्वविजेता झाला. कॉलेजात तो फुटबॉल खेळलाच नव्हता. तरी एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने त्याला घडवलं आणि तो त्यांचा गार्ड (सेंटर आणि टॅकल यांच्या मधला गडी) म्हणून 2010 पर्यंत खेळला. कंबर खाली ठेवणं, समोरच्याच्या काखेत हात घालून त्याला उचलणं, हातांची झटापट ही पहिलवानाची शिदोरी इथे थेट कामी येते. नव्याने शिकायचं ते शेजारच्या गड्याबरोबर एका लयीत हलणं. समोरचे दोघे जागा बदलून आले तर आपला माणूस सोडून शेजाऱ्याचा घ्यावा लागतो, आणि तो निर्णय क्षणात व्हावा लागतो. एकट्याने लढायची सवय तिथे आड येते.

धीर मात्र हवा. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेल्या जॉर्डन मायलाटाला फिलाडेल्फिया ईगल्सने 2018 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सातव्या फेरीत, 233 व्या क्रमांकावर घेतलं. पहिली दोन वर्षं तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये ईगल्सने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा लेफ्ट टॅकलच्या जागी तोच होता.

प्रश्न : राखीव लाइनमनला संघात टिकून राहायचं तर काय लागतं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एकापेक्षा जास्त जागा खेळता येणं. एनएफएल संघात 53 खेळाडू असतात, पण सामन्याच्या दिवशी त्यातले 48 उतरवायचे तर किमान आठ लाइनमन असावे लागतात. पाच सुरुवातीपासून खेळतात, उरलेल्या तिघांवर पाचही जागांची भिस्त. दोन्ही बाजूंना गार्ड खेळून वर सेंटरचा स्नॅपही टाकू शकणारा माणूस संघ सहसा सोडत नाही. सातव्या-आठव्या क्रमांकाच्या खेळाडूने रोज सरावानंतर स्नॅप टाकावेत, तेही ओल्या चेंडूने.

प्रश्न : निवृत्तीनंतर एवढ्या वजनाचं काय होतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा प्रश्न खेळत असतानाच विचारायला हवा. क्लीव्हलँड ब्राउन्सच्या जो थॉमसने एकही न चुकवता सलग 10,363 स्नॅप, म्हणजे डाव, खेळले; ऑक्टोबर 2017 मध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच ती साखळी तुटली. निवृत्तीनंतर त्याने 20 किलोंहून अधिक वजन उतरवलं. खेळताना हे वजन टिकवायला भूक नसतानाही खावं लागतं. सराव थांबतो, खाण्याची सवय तशीच राहते, आणि रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, गुडघेदुखी मागे लागते. म्हणून पहिल्याच महिन्यात ताट लहान करावं, धावण्याऐवजी पोहणं आणि सायकल धरावी आणि झोपेची तपासणी करून घ्यावी. जोरात घोरणाऱ्याने तर ती टाळूच नये.