चेक-इन बॅगेत स्टोव्ह, बाटलीत पेट्रोलचा वास

प्रश्न : आम्ही नाशिकचे चौघे ट्रेकसाठी मुंबईहून विमानाने लेहला निघालो होतो. माझ्या चेक-इन बॅगेत पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह आणि त्याची बाटली होती. आदल्या रात्री बाटली ओतून लगेच झाकण लावलं होतं. तपासणीत वास आल्याने बॅग अडवली, माझा जबाब घेतला आणि विमान चुकलं. आता विमान कंपनीने खुलासा मागवला आहे. गुन्हा दाखल होईल का? तिकिटाचे पैसे मिळतील का?

उत्तर : आधी खुलाशाचं बोलतो, कारण माणसं घाबरून चूक करतात ती तिथेच. ‘बाटली मित्राची होती’ असलं काही लिहू नका. जबाबावर तुमची सही आहे. दोन कागदांत दोन गोष्टी दिसल्या की साध्या निष्काळजीपणालाही लपवाछपवीचा रंग येतो. बाटली कधी ओतली, झाकण कधी लावलं, स्टोव्हबद्दल कंपनीला आधी विचारलं होतं का, हे घडलं तसं लिहा.

विचारलं नसेल, तर तुमची बाजू तिथे कच्ची आहे. वापरलेला स्टोव्ह चेक-इन सामानात नेता येतो, पण कंपनीची परवानगी घेऊनच, आणि कंपनी नकार देऊ शकते. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमानुसार इंधन काढून टाकी व बाटली किमान 1 तास निथळू द्यायची, मग किमान 6 तास झाकण उघडं ठेवायचं. त्यानंतर झाकण घट्ट लावून, शोषक कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायची. तुम्ही पेट्रोल ओतलंत, पण लगेच झाकण लावून वाफ आत कोंडलीत. पेट घेते ती वाफ, म्हणून नियमाचा रोख तिच्यावर आहे. (गॅसचे भरलेले डबे तर कुठल्याच सामानात चालत नाहीत.)

1 जानेवारी 2025 पासून लागू असलेल्या भारतीय वायुयान अधिनियमात धोकादायक वस्तू नेण्याबाबतचे नियम मोडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आकडा ऐकून हादरू नका. बाटली ओतलेली होती, तुम्ही जबाबही दिलात. एवढ्यावर खटला उभा राहील असं मला वाटत नाही. पण पोलिसांचं बोलावणं आलं, तर वकिलाशिवाय जाऊ नका.

तिकिटाचं मूळ भाडं मागू नका, ते टिकणार नाही. मात्र विमान चुकलं तरी कर, विमानतळाचं वापरकर्ता विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क परत करणं कंपनीवर बंधनकारक आहे, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरीही. ही रक्कम लेखी मागा. दिली नाही, तर 2 वर्षांच्या आत नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. एवढ्या छोट्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

पण ही मागणी खुलाशाच्या पत्रात मिसळू नका. त्या पत्रात फक्त तुमच्या जबाबाची प्रत मागा आणि ती हातात आल्यावर मला दाखवा.